गोठ्यातला खोकला

आमच्या आत्या आयुष्यात कधी खोकल्या नाहीत, असं अख्ख्या गावाचं मत होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वच्छलाबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. फुलंब्रीच्या अलीकडं आमचं गाव. घरात चूल, चुलीत पऱ्हाट्या, धुरानं काळं कुळकुळीत झालेलं आढं, आणि त्या धुरात बसून बाई टोपलंभर भाकरी थापायची, पण खोकला म्हणून नाही. सासरे, तात्यासाहेब, ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांत मिशीला हात लावून सांगायचे. कुणाची बायको गोरी असते, कुणाची पुरणपोळी चांगली करते. ह्यांची खोकत नव्हती.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती, ती म्हणजे आत्यांचा म्हशीवर जीव. तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्या मधेच गोठ्यात जायच्या आणि जरा वेळानं डोळे पुसत परत यायच्या. मी नवीन होते तेव्हा ती भाकरी करपायची आणि माझ्या नावावर जायची. मला वाटायचं, बाई म्हशीपाशी माझ्याच तक्रारी सांगत असणार. म्हैसही माझ्याकडं तशीच बघायची.

मग आत्यांचा मोतीबिंदू पिकला. माझे यजमान बद्रीनाथ वाळूजला कंपनीत, आम्ही शहरात सिडकोत राहतो. आत्यांना आमच्याकडं आणलं, मागोमाग तात्या आले. डोळ्याच्या ऑपरेशनआधी तपासण्या सांगितल्या, त्यात छातीचा फोटो. डोळा राहिला बाजूला. फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या अंगाला एक डाग निघाला. मग मोठा फोटो, मग सुई घालून तुकडा, मग मोठ्या डॉक्टरांची खोली. गाठ वाईट होती, पण पसरलेली नव्हती. फुफ्फुसाचा तेवढा भाग काढला तर आत्या आणखी काही वर्षं आमच्यात राहतील, नाही काढला तर नाही. वय मात्र पंचाहत्तरीला टेकलेलं. बद्रीनाथ माझ्याकडं बघायला लागले, मी तात्यांकडं, तात्या भिंतीवरच्या फुफ्फुसाच्या चित्राकडं.

"काढून टाका," आत्याच म्हणाल्या. "मोतीबिंदू ऱ्हायलाय अजून. आधी हे आटपा."

ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टर भेटायला आल्या, डॉक्टर फहमिदा. मला वाटायचं, भूल देणारा म्हणजे एक सुई टोचून कोपऱ्यात उभा राहणारा माणूस. ह्या बाईंनी कापणाऱ्या डॉक्टरांपेक्षा दुप्पट विचारपूस केली. जिना चढताना कुठं थांबावं लागतं? झोपताना उशा किती? दात हलतात का? मिश्री लावता का? सगळी उत्तरं तात्या देत होते. आत्यांचे दातसुद्धा तेच हलवून दाखवतात की काय, असं मला वाटलं.

"आणि खोकला?"

"नाय बगा," तात्यांचा हात मिशीकडं गेला. "त्ये एक सोडून काय बी विचारा. लग्न झाल्यापून एकदा खोकली नाय."

फहमिदाबाईंनी पेन खाली ठेवलं. "तात्या, जरा बाहेर बसता का? बायकांचं थोडं विचारायचंय."

बायकांचं म्हटलं की आमचे पुरुष आग लागल्यासारखे उठतात. तात्या आणि बद्रीनाथ दोघंही गेले.

"हां, अम्मा. आता सांगा. खोकला?"

आत्यांनी दाराकडं बघितलं. मग पदर सारखा केला. "येतो की."

"कधी येतो?"

"सकाळचा लई येतो. चुलीपाशी बसलं की येतो. आला की गोठ्यात जाते."

"गोठ्यात?"

"म्हशीला काय कळतंय?"

मी उभी होते ती खुर्चीवर बसले. इतकी वर्षं मी त्या म्हशीचा हेवा केला होता.

फहमिदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी आत्यांचा हात हातात घेतला. "अम्मा, ऑपरेशनचं टेन्शन मला नाही. तुम्हाला झोपवणं माझं काम, उठवणं माझं काम. पण नंतरचं काम तुमचं. छातीत कफ साठतो. तो तुम्ही खोकून बाहेर काढायचा. जोरात, सगळ्यांच्या देखत. नाही काढला तर तो आत सडतो, मग आम्ही काही करू शकत नाही. समजलं?"

"बगू," आत्या म्हणाल्या. आमच्यात 'बघू' म्हणजे नाही.

मग फहमिदाबाईंनी समजावून सांगितलं, भूल कशी देणार ते. पाठीत एक बारीक नळी बसवायची, दुखू नये म्हणून. दुखलं तर माणूस खोकत नाही. घशातून दुसरी नळी, आणि ती अशी की एकाच फुफ्फुसाला हवा जाईल. ज्याचं ऑपरेशन ते झोपवायचं, म्हणजे ते गपगार खाली बसतं आणि डॉक्टरांना काम करता येतं. तोवर दुसऱ्यानं दोघांचा श्वास ओढायचा.

आत्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजी दोन जावांसारखं. एक निजली की दुसरीनं राबायचं."

"बिलकुल बरोबर," फहमिदाबाई म्हणाल्या आणि आता मात्र हसल्या. "माझ्या घरी पण तेच चालू आहे."

ऑपरेशनला काही आठवडे होते. तोवर मिश्री बंद, रोज सकाळी कॅनॉट गार्डनला फेऱ्या, आणि प्लास्टिकचं ते तीन गोळ्यांचं यंत्र, नळी तोंडात धरून श्वास ओढला की गोळ्या वर जातात. आत्या त्यात आम्हा सगळ्यांना हरवायच्या. तिन्ही गोळ्या वर नेऊन धरून ठेवायच्या आणि डोळ्यांनी तात्यांना खुणवायच्या, बघा. फुंकणीनं चूल पेटवण्यात जन्म गेलेली बाई. पण व्यायाम घेणारी मुलगी "आता खोका आजी" म्हणाली, की पदर तोंडाला लागायचा आणि पदराआडून नुसतं 'हूं' यायचं.

"आजी, हे खोकणं नाही. हे लाजणं आहे," ती मुलगी म्हणायची.

आम्ही सगळे हसायचो. आत्याही हसायच्या, पदराआडून.

ऑपरेशनच्या सकाळी आत न्यायच्या आधी त्यांनी कवळी काढली, पदराआडूनच, आणि डबी माझ्या हातात दिली. "तात्यांच्या म्होरं उघडू नको," म्हणाल्या. इतक्या वर्षांत तात्यांना माहीत नव्हतं का, की बायकोचे दात डबीत राहतात? माहीत असणारच. पण माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. आत्यांचा सगळा संसार त्या दोन्हींच्या मधल्या जागेत झाला होता.

दुपार कलल्यावर फहमिदाबाई बाहेर आल्या. टोपीखालून केस निघालेले, तोंडावर मास्कचे वळ. "चांगलं झालं सगळं. झोपलेली जाऊ उठली," म्हणाल्या. तात्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी दोन्ही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. मोठ्या हॉलमध्ये पडदे लावलेले पलंग. आत्या उशाला टेकून बसलेल्या, कुशीतून एक नळी खालच्या बाटलीत गेलेली, नाकाला हवा. मला बघून ओळखलं नाही. सिस्टर सलाईन बदलत होती, ती सहज खोकली. आत्यांनी तिचं मनगट घट्ट पकडलं.

"द्वारकाबाई, खोकू नको," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "मामंजी वट्यावर हायेत. पदर घाल तोंडात. पदर घाल म्हणते ना." आणि अंगावरची चादर ओढून त्या सिस्टरच्या तोंडाला लावायला गेल्या.

मी सिस्टरचं मनगट सोडवलं. फहमिदाबाईंना बोलावलं. त्या शांत होत्या.

"म्हाताऱ्या माणसाला मोठी भूल दिली की असं होतं कधी कधी. डोकं दोन-चार दिवस कुठं कुठं फिरून येतं. घाबरू नका. चष्मा द्या, दात द्या, आज वार कुठला ते सांगत राहा, ओळखीचं माणूस समोर ठेवा. येईल परत. पण ही द्वारकाबाई कोण?"

मला माहीत नव्हतं. बाहेर व्हरांड्यात तात्या बाकावर बसले होते, त्यांना विचारलं.

तात्यांनी बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा केला. "माह्या थोरल्या भावाची बायको."

"थोरल्या आत्याबाईंचं नाव तर आवडाबाई."

"ती दुसरी."

लग्नानंतर मी ज्यांच्या पाया पडत आले होते, त्या दुसऱ्या होत्या, हे मला त्या बाकावर कळलं.

"पोलीस अ‍ॅक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील," तात्या सांगायला लागले. आमच्या भागातली म्हातारी माणसं अजून काळ असाच, निजाम गेल्यापासून मोजतात. "वहिनी खोकायला लागली. लपवलं तिनं बरेच दिस, पण बापानं ऐकलं. तव्हा क्षय म्हंजी काय, घरात साप निघाल्यासारखं. दवाखाना होता हितं शहरात, पण बाईला कोण आणतंय? माहेरी धाडली, गंगापुराकडं. तिकडंच गेली मग. तुही सासू तव्हा नवी होती, पोरसवदा. दोघींचं लई जमायचं."

"मग आत्यांना कुणी सांगितलं होतं का, की खोकायचं नाही?"

"कोण सांगंल?" तात्या चिडले. "काहून सांगंल? म्या तर जन्मात तिला तसं म्हणलो नाय."

 त्यांचं चिडणं खरं होतं.

पुढच्या दिवशी आत्यांचं डोकं बरंच जागेवर आलं. मला ओळखलं, वार विचारला, गुरुवार म्हटल्यावर "उपास मोडला की माझा," म्हणाल्या. फहमिदाबाई आणि ती व्यायामवाली मुलगी, दोघींनी त्यांना पलंगावर ताठ बसवलं, पोटाशी उशी दिली. "उशी दाबून धरा अम्मा, म्हणजे टाके ओढणार नाहीत. लंबी साँस. अजून. आता खोका." छातीत घरघर ऐकू येत होती, मलासुद्धा. आत्यांनी श्वास घेतला. गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड उघडलं, आता येणार, आतून काहीतरी सरकत वर येतंय असं आम्हाला दिसत होतं.

आणि पडद्यापलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

तात्या. भेटायची वेळ झाली होती. आमच्याकडं पुरुषमाणूस असाच घरात येतो. उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचं, म्हणजे आतल्या बायका पदर घेतात, हसत असल्या तर थांबतात, बसल्या असल्या तर उठतात. चांगली रीत आहे, सावध करणारी. तात्या आमच्या सिडकोच्या फ्लॅटमध्येसुद्धा बेल दाबायच्या आधी खाकरायचे.

आत्यांनी तोंड मिटलं आणि आलेला खोकला गिळला. घोट जाताना दिसतो तसा तो गळ्यातून खाली जाताना दिसला. दोन्ही हात उशी सोडून पदराकडं गेले. पदर नव्हता, दवाखान्याचा हिरवा झगा होता, मग त्यांनी चादर डोक्यावर ओढली.

"क्या हुआ?" फहमिदाबाईंना कळेना.

मी त्यांना सांगितलं. गोठ्याचं तर त्यांना माहीत होतं, मी द्वारकाबाईंचं सांगितलं आणि खाकरण्याचं सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण पडदा म्हणजे काही भिंत नव्हे. पलीकडं तात्या उभे होते.

ते आत आले नाहीत. घरी गेल्यावर जेवलेही नीट नाहीत. बद्रीनाथ म्हणाले, "बाबा, दुपारी व्यायामाच्या वेळेला येऊ नका एवढंच." 

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला मी आत्यांपाशी होते. सहज पडद्याच्या फटीतून बघितलं तर तात्या. हातात चपला, पायांत काही नाही. अख्ख्या गावात ज्यांच्या चपलेचा आवाज ओळखतात, तो माणूस मांजरासारखा फरशीवरून येत होता. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पडद्यामागच्या स्टुलावर बसले. चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता. त्यांना वाटलं, आपण खाकरलो नाही म्हणजे आपण आलोच नाही. आता ही मोकळी खोकेल. त्यांनी ते कुणाला न विचारता स्वतःच ठरवलं होतं, आणि मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की मी आत्यांना काही सांगितलं नाही. सकाळ-संध्याकाळ ते तसेच यायला लागले.

आत्या मात्र खालावत गेल्या. अंगात कणकण, नाकावरची हवा वाढवली. दुर्बीण घालून डॉक्टरांनी आतला कफ एकदा काढला. "पण हे आम्ही रोज करू शकत नाही," फहमिदाबाई म्हणाल्या. "काढला की पुन्हा भरतो. त्यांनीच काढायला पाहिजे." आत्यांचं लक्ष सारखं पडद्याकडं. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलला तरी चादर तोंडाशी. उशी दिली की नुसती मांडीवर घेऊन बसायच्या. छातीतली घरघर आता पलंगापासून लांब उभं राहिलं तरी ऐकू यायची.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "आत्या, खोका ना. कुणी नाही इथं. मीच आहे."

"असतील," त्या म्हणाल्या.

"कोण?"

त्यांनी पडद्याकडं डोळ्यानं दाखवलं. "आता ते खाकरत नायत. आधी बरं होतं. खाकरले की कळायचं आले, आन् गेले की कळायचं गेले. मधल्या वक्ताला बाई मोकळी. आता कव्हा हायेत न कव्हा नाय, बाईनं कसं वळखावं?"

एवढं बोलायलाही त्यांना तीनदा थांबावं लागलं.

पडद्यामागं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मी बाहेर गेले. तात्या उभे होते, चपला छातीशी धरलेल्या. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चपला खाली टाकल्या, पायांत घातल्या आणि हॉलच्या पार टोकाला, दारापर्यंत गेले. तिथून वळले आणि चपला वाजवत, गावात चावडीवरून येतात तसे आले. पडद्याशी थांबले आणि असे खाकरले की पलीकडच्या पलंगावरचा माणूस दचकून उठला.

"ओ बाबा!" सिस्टर ओरडली. "दवाखाना आहे हा!"

तात्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. पडद्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "मी मळ्याकडं चाललो. बोअरची मोटर बगायची हाय. दिवे लागल्याबिगर यायचो नाय. बद्रीला बी संगं नेतो."

आणि निघाले. फटक फटक चपला, आधी हॉलभर, मग व्हरांड्यात, मग जिन्यावर. आत्या मान वाकडी करून ऐकत होत्या. आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरची उशी उचलली, पोटाशी घट्ट धरली आणि खोकल्या.

मी तसा खोकला कधी ऐकला नव्हता. तो एका दिवसाचा नव्हता. एकदा सुरू झाला आणि थांबेना; अंग पुढं वाकायचं, चेहरा जांभळा व्हायचा, डोळ्यांतून पाणी, तोंडातून तारा, आणि पुन्हा. फहमिदाबाई धावत आल्या. त्यांनी पाठीला हात लावला, "शाब्बास अम्मा, और एक. अजून एक." मी भांडं धरून उभी होते. घट्ट, मळकट, हिरवट कफ पडत होता आणि मला त्याची किळस येत नव्हती. माझ्या मुलीच्या बाळंतपणात मी जशी दात आवळून उभी होते, तशी उभी होते.

दुपार सरेपर्यंत त्या थांबून थांबून खोकत होत्या. मग दमून उशीवर कलंडल्या. तोंड उघडं राहिलं होतं, पुसायचंही भान नव्हतं. "आज लई हलकं वाटतंय," म्हणाल्या.

दिवे लागल्यावर तात्या खालून वर आले, पडद्याबाहेर खाकरले. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून होते दिवसभर. मी बाहेर आले.

"खोकली?"

"खोकल्या."

त्यांनी पडद्याकडं बघितलं. "कसा हाय?"

"काय कसा?"

"खोकला. तिचा. म्या ऐकला नाय कधी."

 "मोठा आहे," मी म्हटलं.

"आसं व्हय," तात्या म्हणाले आणि मान हलवत बाकावर बसले.

सकाळी आत्यांचा श्वास उथळ झाला होता. ताप चढलेला, बोटाच्या चिमट्यावरचा आकडा खाली येत होता. फोटो काढला तर उजवी बाजू, आणि आता डावीसुद्धा, पांढरी. कफ निघाला होता पण खालचा जुना आत मुरला होता, असं फहमिदाबाई म्हणाल्या. त्यांनीच पुन्हा घशातून नळी घातली, मशीन लावलं. हे करताना त्या आत्यांशी सारखं बोलत होत्या, अम्मा असं, अम्मा तसं. अम्मा ऐकत होत्या की नाही कुणास ठाऊक.

नळीवाटे कफ ओढायची वेळ झाली की सिस्टर नातेवाइकांना बाहेर घालवायची. बघवत नाही म्हणून. तात्या म्हणाले, "मी थांबतो." सिस्टरनं फहमिदाबाईंकडं बघितलं. त्यांनी मान डोलावली.

सिस्टरनं बारीक नळी मोठ्या नळीतून आत सोडली. आत्यांचं सगळं अंग उचललं गेलं. तोंड उघडलं, मान ताठ झाली, छाती आदळली, डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं. आणि आवाज नाही. कसलाच नाही, नुसती मशीनची शिट्टी.

"ह्ये काय करती ती?" तात्यांनी घाबरून विचारलं.

"खोकताहेत, तात्या," फहमिदाबाई म्हणाल्या. "नळी आवाजाच्या जागेतूनच जाते. म्हणून ऐकू येत नाही."

"म्हंजी आता ऐकू यायचाच नाय?"

"नळी काढली की येईल."

तात्या पलंगाशी गेले. खांद्यावरच्या उपरण्याचं टोक घेऊन त्यांनी आत्यांचे डोळे पुसले, मग तोंडाच्या कडा पुसल्या. त्यांना ते नीट जमत नव्हतं. कुणाचं तोंड पुसायची कधी सवयच नव्हती. आत्यांचे डोळे उघडे होते. त्या तात्यांकडं बघत होत्या. नळी ओढून काढू नये म्हणून हात बांधलेले, तोंडात नळी. झाकायला काही नव्हतं.

"खोक," तात्या म्हणाले. "मी हाय हितंच. तू खोक."

नळी काढायची वेळ आली नाही.

फहमिदाबाई स्वतः बाहेर येऊन तात्यांशेजारी बाकावर बसल्या. काय झालं ते सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिल्या दिसापून खोकली असती तर?"

"नक्की सांगता येत नाही, तात्या. वय होतं. धुरानं दोन्ही फुफ्फुसं आधीच थकली होती. खोकल्या असत्या तरी कदाचित..."

"नक्की नका सांगू," तात्या म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

आत्यांना गावाकडं न्यायला गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, बाबा, पुढं बसा, मागं हिसके बसतील. तात्या मागंच चढले. मी चढले. बद्रीनाथ पुढं. हर्सूल सुटलं, सावंगी सुटली, चौक्याच्या घाटाला गाडी लागली. आत्यांच्या अंगावरची चादर हिसक्यांनी सरकत होती, ती मी सारखी करत होते.

"म्या त्या दिशी बाकावर तुला खोटं बोललो," तात्या एकदम म्हणाले. माझ्याकडं बघत नव्हते. "खोटं म्हंजी, ध्यानात नव्हतं. परवापून ध्यानात यायलंय."

मी चादरीचं टोक धरून त्यांच्याकडं वळले.

"द्वारकावहिनीला माहेरी नेलं ते मीच. भाऊ काय आला नाय. बापानं मला गाडी जुंपायला लावली. वहिनी मागं कडब्यावर. आन् बाईमाणूस सोबत पाह्यजे म्हणून हिला बी बसवली, वहिनीपाशी. वहिनी सगळ्या वाटेनं खोकत होती. घरात दाबून दाबून धरलेला, तो समदा बाहेर निघाला. आता तिला कोणाचं भ्या? वाटंत एक गाव लागलं. बाजाराचा दिस, माणसं पाराला बसलेली. ती गाडीकडं बघायला लागली. मला लाज वाटली. म्या मागं वळून म्हणलो, वहिनी, जरा हळू. लोक ऐकत्यात."

गाडी घाटातून खाली उतरली.

"एकदाच म्हणलो. वहिनीला म्हणलो. हिला नाय."

त्यांनी चादरीवर हात ठेवला होता, आत्यांचे पाय होते तिथं.

"ही बसली होती ना तिथंच," ते म्हणाले.

गावाच्या फाट्यावर गाडी वळली. ओट्यावर, दारात, गल्लीत माणसं जमली होती. पुरुष टोप्या काढून गप्प उभे. दार उघडलं तशा बायका पुढं धावल्या, आवडाबाई सगळ्यांत पुढं, आणि त्यांनी जो हंबरडा फोडला तो पार शिवारात गेला असेल. बायका मोठमोठ्यानं रडत होत्या, तोंड न झाकता, सगळ्यांच्या देखत. रडायला आमच्यात कुणाची कधी ना नव्हती.